उधारीची वही

सक्करदऱ्याच्या दुकानात नागपूरचे चाळीस उन्हाळे
लोकांचे कूलर दुरुस्त केले बाबांनी.
आता पुढ्यात उशी घेऊन
वाकून बसतात रात्रभर;
आडवं झालं की छाती दार लावून घेते.

सिस्टर रंगारी सांगून गेल्या:
छोटा पंखा नाकाशी धरा, गालावर वारा येऊ दे.
श्वास सोडताना ओठांचा चंबू, चहा फुंकल्यासारखा.
ठरल्या वेळी मॉर्फिनचा घोट. भिऊ नका.

बोटावरचं यंत्र चौऱ्याण्णव दाखवतं.
"मग हवा... काऊन... पुरत नाही?"

तीन वाजता पंख्याचा सेल संपला.
हाताशी आली ती त्यांची उधारीची वही;
तीच हलवत राहिले.
फडफडत्या पानावर त्यांची नजर अडकली.

"पात्रीकर... साडेतीनशे... बाकी,"
म्हणाले, आणि हसले.

त्या हसण्यावर तीन श्वास खर्ची पडले.
पडू देत, म्हटलं.