अर्धा य

डिसेंबर लागला की नंबर प्लेटवाल्यांना
'सोमवारी या' म्हणतो
आणि दोन नंबरचा ब्रश घेऊन
साखर पेठेच्या कोपऱ्यावरच्या दगडापुढं मांडी घालतो.
एकोणीस नावं.
खोबणीत काळा रंग भरायचा, फडक्यानं कडा पुसायच्या.
वर्षभराच्या उन्हानं सगळेच राखाडी झालेले असतात.

डबा धरायला नबीलाल नदाफ. हवालदार, निवृत्त.
यातल्या चौघांबरोबर तो एका ताटात जेवलाय.
त्याचं नाव दगडावर नाही,
कारण तो परत आला.
त्यावर तो बोलत नाही.
'तेल जास्त घाल,' एवढंच म्हणतो,
'सोलापूरचं ऊन हाय, रंग फुटतंय.'

अकराव्या नावाशी हात थांबतो.
नरसया वडनाल.

पहिल्या वर्षी त्याची बहीण आली होती,
विड्यांचं सूप कडेवर, नखांत तंबाखू.
वाचता येत नव्हतं तिला.
तरी अक्षरांवरून बोट फिरवत गेली, परत आली, म्हणाली,
'माझ्या तम्मुडाचं एक अर्धं अक्षर कमी हाय.
मनीऑर्डरवर असायचं की.
दुसऱ्याला टेकून उभं असायचं.'

मी जुन्या कंत्राटदाराला गाठलं.
त्यानं वही उघडली:
'अक्षरी दर होता.
अर्ध्याचे पैसे कोणी धरलेच नव्हते.'

स आणि या यांच्यामध्ये
सुतळी जाईल एवढी फट.
तिथं श्वास धरून मी अर्धा य काढतो,
खोबण नसलेला, नुसत्या रंगाचा.
बाकीच्यांना दगडानं धरून ठेवलंय.
हा मात्र मृगाआधीच सुटायला लागतो,
दसऱ्याला शोधूनही सापडत नाही.

बहीण जाऊन तीन वर्षं झाली.
अक्षरं मोजायला आता कोणी येत नाही.
परवा मी म्हटलं,
'चाचा, राहू दे का यंदा? कोणाला कळतंय?'

नबीलालनं डबा खाली ठेवला.
गुडघा धरत उठला, टोपी सरळ केली,
आणि हजेरी घ्यावी तसं, चौकाला ऐकू जाईल असं ओरडला,
'नरसय्या वडनाल!'
य वर सगळा जोर देऊन.

रसाच्या गाड्याचे घुंगरू वाजत होते.
एक रिक्षावाला वळून बघून गेला.
नबीलाल थोडा वेळ तसाच उभा राहिला,
उत्तर यायचं असल्यासारखा.

मग खाली बसला,
डबा उचलला, काडीनं रंग ढवळला.
'तेल जास्त घाल,' म्हणाला.