रविवारच्या वर्गाचा विषय

फळ्यावर लिहिलं, गुलाबाची छाटणी.
पुसलं. उदगीरला नळ आठव्या दिवशी येतो,
गुलाबाचं नाव काढलं तर रांजण रुसायचे.
बोन्साय? आमच्या कुंड्यांत
सगळं आपोआपच बुटकं राहतं.

मागच्या वर्गाला शमीमबी शेवटच्या बाकावर,
मांडीवर तेलाचा डबा, डब्यात मोगऱ्याच्या काड्या.
"सर, हे मेलंय का निजलंय,
कसं वळखायचं?"
मी शेणखतावर होतो. म्हणालो, नंतर.
नंतर शिपायानं पंखे बंद केले.

आज सकाळी घरच्या कढीपत्त्याची साल
नखानं जराशी खरवडली,
भीत भीत, जणू माझंच काही निघणार होतं.
आत हिरवं. ओलसर.

खडू पुन्हा घेतला.
विषय : मेलंय का निजलंय.
येताना आपापली कुंडी आणावी.
नखं कापू नयेत.