भरीव चौकोन

जिनिंग बंद झाली की वजनकाट्याच्या केबिनीत
मी, कूलर आणि लाल आकड्यांतलं शून्य.
पारोळ्याचा एप्रिल. लोकर बोटांना चिकटते.

जाळीचा चौकोन मला नकोच होता.
तीन खांब, भोक, तीन खांब, भोक:
घरोघरी टीव्हीवर तोच.
मला भरीव हवा होता,
खांबाला खांब लागून,
मधून कुणी डोकवायचं नाही.

चौथ्या फेरीला त्याची वाटी झाली.
रात्रभर उशीखाली दाबला.
सकाळी पुन्हा वाटी.

सरकी झाडता झाडता ठगूबाई आली,
पदराला हात पुसून त्याला उलटापालटा केला.
"कोपराले दोन साखळ्या सोड ना, माय.
वयाले जागा कोठे शे त्याले?"

उसवला.
उसवलेली लोकर कुरळीच राहते, तिनंच पुन्हा:
दोन खांब, दोन साखळ्या, दोन खांब,
कोपरा.
आता तो सपाट बसला,
चार कोपऱ्यांना चार भोकं घेऊन.

बाहेर जाऊन
पन्नास टनांच्या काट्यावर ठेवला.
शून्य हललं नाही.
मग ठगूबाई त्याच्याशेजारी उभी राहिली, झाडूसकट.
पन्नास किलो.
मी दोघांची मिळून पावती फाडली.