प्लास्टरावरचे पाढे

सातेरीचा पाय जूनमध्ये मोडला.
कमरेपासून घोट्यापर्यंत पांढरं प्लास्टर.
"गणपतीपर्यंत शाळेचं नाव नको," डॉक्टर म्हणाले.

मला येतं काय? खानापुरात कौलं भाजणं.
भट्टीवरून रोज ओंजळभर ओली माती आणायचो.
मराठी अक्षरं तिनं वाशाला टांगल्यासारखी केली,
सगळी एका रेघेखाली.
कानडी मात्र गाडग्यांसारखी बसली, पोट काढून.
"बाबा, ह्यांना छप्पर नाही?"
"छप्पर नाही, पण ज्याचं त्याचं मुंडासं आहे की."

बेरजेला चिंचोके.
वजाबाकीला जांबोटीच्या बसची तिकिटं,
शंभरातून किती परत आले, सांग.
शेजारची गंगव्वा शेंगा सोलत कानडी वाचून घ्यायची,
माझं चुकलं की दोघी हसायच्या.
आत खाज सुटली की विणायची सुई,
तीच फूटपट्टी.

वही संपली तेव्हा तिनं प्लास्टर घेतलं.
मांडीवर तेराचा पाढा,
गुडघ्याखाली कानडीत आठवड्याचे वार.

बेळगावात डॉक्टरांनी करवत उचलली,
थांबले,
वाकून वाचलं.
"गुरुवार चुकलाय," कानडीतच म्हणाले,
खिशातलं पेन काढून
आधी तेवढं अक्षर सुधारलं,
मग कापलं.

दोन्ही फाका पिशवीतून घरी आणल्या.
तेरा सत्ते मधोमध चिरलंय.
सातेरी आता काठीशिवाय चालते, उंबराही ओलांडते,
फक्त त्या सत्त्यापाशी आली की
अजून अडखळते.