सत्तेचाळीस नंबरचा लाल

कुजीबाईंच्या कागदावर रक्त काळं होतं.
छपाई काळीपांढरी, म्हणून असेल;
पण बत्तीस प्रकरणं वाचून झाल्यावर
त्याला दुसरा रंग असतो
हेच मला आठवेनासं झालं होतं.

मग ते काम माझ्याच टेबलावर आलं.
कामी-इगुसाच्या रेल्वेफाटकाजवळ,
सायकलच्या दुकानावर तिसरा मजला.
तिथे मी रंग ठरवते: कुणाच्या गालाला कोणता,
आणि दिवा विझल्यावर त्याच गालाला कोणता.
रक्तासाठी अकरा लाल काढले.
एक खारवलेल्या आलुबुखारासारखा,
एक नव्या टपालपेटीसारखा,
एक इतका खरा, की दिग्दर्शक हानिउदा म्हणाले,
लोक जेवतानाही बघतात हो.
शेवटी सत्तेचाळीस नंबरवर माना हलल्या.

उत्सुगी, म्हणजे तो व्हॅम्पायर.
बाईंनी त्याला नोशिरोच्या सार्वजनिक न्हाणीघरात ठेवलेला,
मागे, भट्टीपाशी.
रात्रभर लाकडं सारायची,
अख्ख्या गल्लीचं पाणी तापवायचं,
आणि "आत ये" असं कुणी म्हणेपर्यंत
दारावरचा निळा पडदाही ओलांडायचा नाही.
एकशे नव्वद वर्षं. कुणी म्हटलं नाही.
चिझु म्हणणार होती,
बहुतेक तेहतिसाव्या प्रकरणात.
पण बाईंचं मनगट गेलं.

मालिकेचे भाग बारा.
मंगळवारची रात्र
कुणाच्या मनगटासाठी थांबत नाही.

शेवट बैठकीत ठरला.
सात माणसं, गार झालेला चहा,
आणि खिडकीपाशी बसलेला कुणीतरी म्हणाला,
उन्हात जाऊ दे त्याला.
झालं. उन्हात जाऊ दे, राख होऊ दे,
राखेच्या पाकळ्या होऊ देत.
राखेला चेहरा नसतो, स्वस्तात होते.
खोटं कशाला बोलू, मी रंगवताना रडले.

बाईंचा फॅक्स आला,
डाव्या हातानं लिहिलेला, अक्षर पहिलीतल्या मुलाचं:
"जाऊ दे.
फक्त जाताना हातात लाकूड नको."
कुणालाच कळलं नाही.
चाळीस चित्रं पुन्हा काढली, हात रिकामे केले.
तीन रात्री आम्ही रक्ताचं पाणी केलं,
आणि पहाटे एक वाजून एक्कावन्न मिनिटांनी
तो मेला, जाहिरातीच्या जरा आधी.
दुसऱ्या दिवशी फाटकाजवळ
दोन शाळकरी मुली त्याच्यासाठी भांडत होत्या.
मी फाटक उघडल्यावरही उभीच राहिले.

चार वर्षांनी तेहतिसावं आलं.
रेघ आता थरथरती. डाव्या हाताची.
उत्सुगी जिवंत. अंगावर तोच मळका सदरा.
न्हाणीघराच्या बैठकीत टीव्ही चालू आहे,
चिझु डोक्याला टॉवेल गुंडाळून दूध पिते आहे,
आणि पडद्यावर कुणी एक मुलगा
रिकाम्या हातांनी उन्हात चालला आहे.
उत्सुगी दाराबाहेरून बघतो. शेवटपर्यंत बघतो.
मग विचारतो,
"मग पाणी कोण तापवणार?"

पान उलटलं, तर पानभर नुसतं एक लाकूड,
अर्धं भट्टीत, अर्धं बाहेर.
अख्ख्या प्रकरणात रक्ताचा थेंब नाही.
माझा सत्तेचाळीस कुठे लागलाच नसता.

लोक विचारतात, खरा कोणता?
मला विचारू नका. एकाच्या मरणाचं पाकीट मी घेतलं आहे,
त्यातून हिवाळी कोट शिवला, तो अजून वापरते.

त्या रात्री मी आमच्या गल्लीतल्या न्हाणीघरात गेले.
पाणी सोसवेना इतकं कढत.
भिंतीपलीकडे काहीतरी सरकल्याचा आवाज आला,
पाइप असेल, गॅसवर चालतं हल्ली सगळं.
तरी हळूच म्हणाले, "आत ये."

शेजारी गळ्यापर्यंत बुडालेली म्हातारी
डोळे न उघडता म्हणाली,
"आलेच आहे गं मघाशी."