सरळ, आठशे

दिवसभर मी कुह्मोच्या रस्त्यांवरचा बर्फ लोटते,
नगरपालिकेचा पिवळा ट्रक, पुढे लोखंडी पातं,
ताशी तीस, फार तर पस्तीस.
दुपारी अडीचलाच दिवस मालवतो.
रात्री नऊला मी हेडफोन चढवते
आणि दोनशे किलोमीटरवर, ओउलूत, ताइस्तो
जेवणाच्या टेबलाला आवळलेलं स्टीअरिंग धरतो.
पडद्यावर जुलै असतो.
खडी, धूळ, दुतर्फा बर्चची झाडं
आणि एकही डास नाही.

गाडी त्याची, वाचन माझं.
तेव्हाही असंच होतं,
फक्त गाडी खरी होती, चौदाशे मार्कांची,
तिच्या तळाला भोक, आणि त्यातून
प्रत्येक डबक्याचा हिशेब माझ्या बुटांत.
वही तीच आहे. रबरबँड तेवढा नवा.
गेममध्ये रस्ता वाचून दाखवणारा एक आवाज आहे म्हणे,
चांगला, स्पष्ट, कधी न चुकणारा.
ताइस्तोने तो पहिल्याच रात्री बंद केला.

"उजवं चार, आवळत तीन. कापू नकोस, आत दगड."
कापलं.
टायर गेलं. पुढचे नऊ किलोमीटर
गाडी लंगडत, रिमवर ठिणग्या पाडत,
दार उघडं, बॉनेट आभाळाकडे,
आणि हा बाबा हसतोय.
बासष्ट वर्षांचा, दिवसभर लोकांच्या कानात
श्रवणयंत्रं बसवणारा गंभीर माणूस.

त्याची मुलगी वेन्ला एकदा विचारत होती,
आत्या, यात आहे काय?
समोर कुणी नाही, मागे कुणी नाही,
कुणाला मागे टाकायचं?
मी म्हटलं, घड्याळाला.
खरं उत्तर मला दुसऱ्या दिवशी
पातं उचलताना सुचलं, आणि ते तिला कळवायचं राहिलं:
टेकाडापलीकडे काय आहे ते त्याला दिसत नसतं.
मी म्हणते "रस्ता आहे",
आणि तो पाय उचलत नाही.

एरवी आम्ही बोलत नाही.
बाबांचं घर विकलं तेव्हापासून.
कागदावर सही माझी होती.
त्याचं मत मी विचारलं होतं,
पण विचारायचं म्हणून विचारतात, तसं.
तीन वर्षं आमची सगळी भाषा
एक ते सहा आकडे, डावं, उजवं,
"उडी", "घसरण", "सांभाळ", "पुन्हा?"
वाढदिवसाला त्याने मला फक्त
एक नवीन टप्पा पाठवला.

काल तो टप्पा लावला.
मधे एक लांब पट्टा आहे, तळ्याला लागून.
"सरळ, आठशे," मी म्हटलं,
आणि वाचायला काही उरलं नाही.
त्या वेगात आठशे मीटर म्हणजे पंधरा सेकंद.
इंजिन ओरडत होतं. पाणी डावीकडून पळत होतं.
"सौनाघर पाडलं का गं त्यांनी?"
बोट वहीवर होतं, ओळ सापडेना.
"पाडलं."
पाच सेकंद, सहा.
"फळ्या मी आणल्यात. गराजमध्ये आहेत."

मग टेकाड आलं,
आणि मी "डावं दोन, फसवं" म्हणाले
ते अर्ध्या श्वासाने उशिरा.
गाडी तीनदा उलटली, एका बर्चला टेकली,
चाकं वर, वायपर चालू.
दोघंही गप्प.
माझ्या खिडकीखाली शेजारचा कुत्रा भुंकला,
तो त्यालाही ऐकू गेला असणार.

"तुझी चूक," तो म्हणाला.
"माझीच," मी म्हटलं.
"पुन्हा?"
आणि त्याने तोच टप्पा लावला,
याहून वेगवान, याहून सुंदर वीसेक असताना.

गाडी सुरुवातीच्या रेषेवर परत उभी राहीपर्यंत
मी पेन्सिल शोधली
आणि वहीत "आठशे" पुढे बारीक अक्षरात लिहिलं:
फळ्या मोजून ठेवणे.