सुटकेची वेळ

सुटका व्हायची संध्याकाळी साडेसातला.
का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.
मंडळाची बैठक दुपारी उठायची, आदेश टाइप व्हायचा,
शिपाई सायकलवरून सही आणायचा,
पिशवीत दोन शर्ट, रजिस्टरात नाव,
आणि फाटक उघडायचं तेव्हा
बेटावदची शेवटची गाडी
सोनगीर सोडून नरडाण्याकडे लागलेली असायची.

बारा वर्षं मी हे पाहिलं.
परिविक्षा अधिकारी. माझं काम
फाटकाच्या आतल्या बाजूला संपायचं.

त्याला गोकुळ म्हणू. खरं नाव कायद्यानं झाकलेलं आहे.
वय सोळा. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापली, तांबं विकलं.
केबल जाळताना जो हिरवा जाळ निघतो
तो त्यानं मला इतका रंगवून सांगितला
की मी पेन खाली ठेवलं.
सुटला त्या दिवशी विचारलं, तुले लेवाले कोन येई?
"कोन्ही नही, मॅडम. मी जास."
आणि गेला, स्टँडवर.

रात्री साडेनऊला धुळ्याच्या स्टँडवर
त्याला नावानं हाक मारणारा एकच जण होता,
भंगारवाल्याचा पोरगा, मोटारसायकलवर.
त्यानं भुर्जी-पाव खाऊ घातला.
सोळा वर्षांची असते, भुकेली असते,
तर मीही बसले असते त्याच्या मागे.

सतराव्या दिवशी गोकुळ परत.
फाटकावरच्या रामसिंगनं काहीच विचारलं नाही.
"तुन्ही गोधडी तठेच शे," एवढंच.

वरच्या बैठकीत याला म्हणतात
पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण.
पडद्यावर खांब उभे राहतात, निळे, केशरी.
कोणी म्हणालं समुपदेशन वाढवा, कोणी म्हणालं योग,
एक म्हणाले, भिंतीवर अजून दोन फूट तार.
मी हात वर केला. सर, एसटीचं वेळापत्रक.
हसले. मग चहा आला.

चौदा पत्रं लिहिली.
एकाला उत्तर आलं: सदर विषय या कार्यालयाच्या कक्षेत नाही.

मग मंडळावर सिंधूताई बोरसे आल्या,
शिंदखेड्याच्या निवृत्त मुख्याध्यापिका.
पत्रांची फाइल त्यांनी उघडलीच नाही. म्हणाल्या, चला.
ऐन वैशाखात, बाक अजून तापलेला,
आम्ही दोघी स्टँडवर बसलो साडेसात ते साडेदहा.
काही घडलं नाही.
फक्त तीन वेळा कोणीतरी येऊन विचारलं, कुठं जायचंय?
तिसऱ्यानं खोलीचा भावही सांगितला.
पिकल्या केसांच्या दोन बायकांना!
परतताना सिंधूताई रिक्षात एक शब्द बोलल्या नाहीत.

आता सुटका सकाळी सातला.
पोहे खाऊन, तिकिटाचे पैसे खिशात,
आणि गावच्या थांब्यावर एक माणूस उभा पाहिजे,
त्याचं नाव आदेशातच लिहायचं.

गोकुळसाठी नाव सापडेना.
आई सुरतेकडे ऊसतोडीला, मामानं फोन बंद केला.
शेवटी ज्याची केबल कापली होती
त्या भटू आप्पांकडे गेले मी, लाज गुंडाळून.
ते बराच वेळ मिरच्यांची देठं खुडत राहिले.
"उभा राहसू," म्हणाले. "पन बोलाव नही."

उभे राहिले.
बोलले नाहीत.
थांब्यापासून गाव दोन किलोमीटर,
आप्पा पुढे, पोरगा वीस पावलं मागे,
कंडक्टरनं मला फोनवर सांगितलं तेवढंच मला माहीत.

आठ महिने झाले.
गोधडी घडी घालून कपाटात आहे.
याला यश म्हणू नका; पोरगं सोळाचं सतरा झालंय,
आणि तांब्याचा भाव वाढलाय.

परवा महामंडळानं
सकाळची बेटावद गाडी रद्द केली, प्रवासी कमी म्हणून.
पंधरावं पत्र लिहायला बसलेय.
विषय: एक प्रवासी.